ब्रिटनमधील फिजिओथेरपी : स्वतंत्र निर्णयाचा अधिकार आणि त्यातून निघालेल्या वाटा

लंडन : ब्रिटनमध्ये कंबर किंवा गुडघा दुखू लागलेल्या रुग्णाला आता अनेक भागांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाता येते. या सोयीमागे त्या व्यवसायाने टप्प्याटप्प्याने मिळवलेला निर्णयाचा अधिकार आहे, आणि फिजिओथेरपीतील करिअरच्या संधींचा विचार करताना पगाराच्या आकड्यांआधी हा अधिकार समजून घेणे आवश्यक ठरते.

1894 मध्ये मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे प्रामाणिक उपचारकांचीही बदनामी होऊ लागली, तेव्हा रोझलिंड पॅजेट यांच्यासह चार परिचारिकांनी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची शिस्त घालून देणारी संस्था स्थापन केली. आजची ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ ती हीच. तिला 1920 मध्ये राजसनद मिळाली; 1977 च्या शासकीय परिपत्रकाने उपचाराचे स्वरूप आणि कालावधी ठरवण्याची मोकळीक फिजिओथेरपिस्टला दिली, तर 2013 पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्यांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचाही अधिकार मिळाला. आज ‘फिजिओथेरपिस्ट’ हे पदनाम कायद्याने संरक्षित असून, ‘हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल’ या नियामक संस्थेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ते लावता येत नाही.

या अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट फिजिओथेरपिस्ट’च्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्णाला सर्वप्रथम तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या कामात सर्वाधिक स्पष्ट दिसते. कंबरदुखीचा रुग्ण समोर बसला की व्यायाम सांगण्यापूर्वी लघवीवरचा ताबा सुटला आहे का, जांघेच्या आतील भागात बधिरपणा आला आहे का, दोन्ही पायांतील शक्ती कमी होते आहे का, हे विचारावेच लागते. कारण ही मणक्याच्या खालच्या टोकाकडील मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची लक्षणे असू शकतात आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवले नाही तर कायमचे अपंगत्व येण्याचा धोका असतो. उलट असे काही नसेल, तर अनावश्यक एमआरआय टाळून रुग्णाला निर्धास्त करणे आणि हालचालीकडे परत नेणे हेही तितक्याच कौशल्याचे काम आहे. म्हणूनच या पदासाठी काही वर्षांचा अनुभव आणि पदव्युत्तर पातळीचे ज्ञान अपेक्षित असते.

राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नवपदवीधराची सुरुवात बहुधा पाचव्या वेतनश्रेणीत, म्हणजे ‘बँड 5’ मध्ये होते आणि त्याला काही महिन्यांच्या अंतराने अस्थिरोग, मज्जासंस्था, श्वसनविकार, वृद्धांची काळजी अशा विभागांतून फिरवले जाते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करणे, तिच्या घरी जिना असेल तर तो चढण्या-उतरण्याची चाचणी घेऊनच घरी सोडण्याबाबत मत देणे, अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या छातीतील कफ मोकळा करणे, हे सारे या काळात शिकले जाते. पुढे सहाव्या-सातव्या श्रेणीत विशेषज्ञता येते आणि त्याहून वर कन्सल्टंट, संशोधक किंवा अध्यापक होण्याच्या वाटा खुल्या होतात.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी (बीपीटी) घेतलेल्यांना ब्रिटनमधील कौन्सिलकडे नोंदणीसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा नसते. त्यांच्या अभ्यासक्रमाची आणि अनुभवाची ब्रिटिश निकषांशी तुलना होते, त्रुटी आढळल्यास पूरक प्रशिक्षण किंवा चाचणी सुचवली जाते आणि इंग्रजीवरील प्रभुत्वाचा पुरावा द्यावा लागतो. मात्र नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे, कारण सुरुवातीच्या पदांसाठी येथील नवपदवीधरांमध्येही मोठी चुरस आहे. त्यामुळे मोठे कर्ज काढून येण्यापूर्वी मायदेशी दोन-तीन वर्षे रुग्णालयात भक्कम काम करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

स्वतंत्र निर्णयाच्या अधिकाराकडे भारतातही वाटचाल झाली आहे. पोलिओच्या साथींच्या काळात, 1950 च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातील फिजिओथेरपीच्या शिक्षणाचा पाया घातला गेला, आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणेही काम करू शकतो हे मान्य केले. ब्रिटनचा अनुभव असे सांगतो की असा अधिकार कागदावर मिळाल्याने काम संपत नाही. प्रत्येक रुग्णाची काटेकोर तपासणी, तिची लेखी नोंद आणि आपल्या मर्यादा ओळखून वेळीच डॉक्टरांकडे पाठवण्याची सवय यांतूनच रुग्णाचा विश्वास मिळतो, आणि तो विश्वास मिळवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला नाशिकमध्ये काय किंवा लंडनमध्ये काय, कामाची वाण पडणार नाही.