स्वादुपिंडाच्या कर्करोगातील रक्तस्कंदन-तपासण्या आणि साध्यासाध्यविचार

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो, तेव्हा त्याच्या हातातील अहवालांत डी-डायमर, फायब्रिनोजेन, प्लेटलेट यांचे आकडे पुष्कळदा असतात. नातेवाईकांचे प्रश्न दोनच : हा आकडा वाढला म्हणजे आयुष्य किती उरले? आणि तो उतरविणारे एखादे औषध आहे काय? या दोन्ही प्रश्नांना उत्तर देण्यापूर्वी वैद्याने हे आकडे काय सांगतात ते नीट समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

कर्करोग आणि रक्ताची गुठळी यांचा संबंध नवा नाही. फ्रेंच चिकित्सक आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली पॅरिस येथील व्याख्यानांत तो स्पष्टपणे मांडला. पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी झालेली पाहून त्यांनी आपला छुपा कर्करोग ओळखला आणि १८६७ साली त्याच रोगाने ते निवर्तले. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हा संबंध विशेष बळकट असतो. या अर्बुदाच्या पेशी टिश्यू फॅक्टर नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात निर्माण करतात. त्यामुळे जखम नसतानाही स्कंदनाची साखळी सुरू होते व फायब्रिनचे जाळे तयार होते. ते जाळे विरघळताना जे तुकडे रक्तात उतरतात, ते म्हणजे डी-डायमर. शरीरात गुठळी बनणे आणि विरघळणे किती जोरात चालले आहे, याची ती खूण होय.

केमोथेरपीपूर्वी गुठळीचा धोका मोजण्यासाठी डॉ. आलोक खोराना व सहकाऱ्यांनी २००८ साली एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. तीत स्वादुपिंड व जठर यांच्या कर्करोगाला आरंभीच २ गुण आहेत. प्लेटलेट ३.५ लाख वा अधिक, हिमोग्लोबिन १० हून कमी, पांढऱ्या पेशी ११ हजारांहून अधिक आणि अतिस्थूलता यांना प्रत्येकी १ गुण आहे. एकूण ३ वा अधिक गुण म्हणजे मोठा धोका. अर्थात या रुग्णाला तिथवर पोचण्यास यांपैकी एकच गोष्ट पुरते.

आता साध्यासाध्यत्वाकडे वळू. डी-डायमर व फायब्रिनोजेन फार वाढलेल्या रुग्णांत रोग पसरलेला असण्याचा आणि आयुर्मान कमी असण्याचा संभव अधिक असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तथापि हा संभव आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात वर्णिलेले अरिष्ट नव्हे. वाढते वय, जंतुसंसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यकृतविकार यांतही डी-डायमर वाढतो. पित्तमार्ग अडून कावीळ झाली असेल तर व्हिटॅमिन के शोषले जात नाही व प्रोथ्रोम्बिन टाइम लांबतो. त्याचा अर्थ निराळाच. म्हणून एका आकड्यावरून मृत्यूची मुदत सांगणे अशास्त्रीय आहे.

आकडा उतरविला म्हणजे रोग उतरला, हाही भ्रमच. जर्मनीत ३१२ रुग्णांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉन्को-००४ या अभ्यासात केमोथेरपीबरोबर एनॉक्सापॅरिनची इंजेक्शने दिली गेली. पहिल्या तीन महिन्यांत लक्षणे देणाऱ्या गुठळ्या इंजेक्शन न घेणाऱ्या १५२ जणांपैकी १५ जणांना, तर घेणाऱ्या १६० जणांपैकी केवळ २ जणांना झाल्या. मात्र आयुर्मानात फरक पडला नाही. गुठळी टाळणे हा रुग्णाचा मोठा लाभ आहे. परंतु तो मूळ व्याधीचा उपशम नव्हे. रक्तशोधक काढ्याने डी-डायमर उतरवून कर्करोग जिंकण्याचे आश्वासन कोणीही देऊ नये.

मग आपले कर्तव्य कोणते? प्रथम, अशा रुग्णाच्या एकाच पायावर शोथ, पोटरीत वेदना व उष्णता असेल, तर तो केवळ वातरक्त वा वातज शोथ समजू नये. त्या पायास अभ्यंग, मर्दन वा स्वेदन करू नये. सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते. त्याच दिवशी डॉप्लर तपासणीस पाठवावे. एकाएकी धाप वा छातीत दुखू लागल्यास तर क्षणाचाही विलंब नको. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह, वजनात घट आणि अशी गुठळी एकत्र दिसल्यास, निदान झालेले नसले तरी स्वादुपिंडाची तपासणी सुचवावी.

दुसरे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना जलौकावचारण वा सिरावेध करू नये. जळवेच्या लाळेतील हिरुडिन स्वतःच स्कंदनरोधक आहे.

तिसरी सूचना औषधालयचालकांस. लसूण, आले, हळद यांचे अर्क मोठ्या मात्रेत रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात. पिंपळी-मिरीतील पायपेरिन काही औषधांचे रक्तातील प्रमाण बदलते. म्हणून गिऱ्हाईक वॉरफरिन, रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन यांपैकी काही घेते का, हे विचारल्यावाचून असे कल्प देऊ नयेत आणि जे दिले ते रुग्णाच्या कागदावर लिहून द्यावे.

अग्निरक्षण, अन्नाची रुची, मलप्रवृत्ती, निद्रा यांकडे लक्ष देऊन रुग्णाचे उरलेले दिवस सुसह्य करण्यात आपल्या शास्त्राला पुष्कळ वाव आहे. तो वाव राखायचा, तर नातेवाईकांना आकड्याचा खरा अर्थ सांगावा, मुदत सांगू नये, आणि सुजलेला पाय स्वतः पाहिल्याशिवाय रुग्णास घरी पाठवू नये.