कावळा शिवतो कुणाला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जावाजावा नवीन जालन्याहून नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो. गाडीतच धाकट्या जावेला कावळा शिवला. बिचारी लंगरच्या दाराशीच थबकली. पोळ्या लाटणाऱ्या एका शीख आजींनी "काय झालं?" विचारलं, तेव्हा मी हळूच सांगितलं. त्या हसल्या, तिच्या हातात लाटणं दिलं नि म्हणाल्या, "गुरूच्या घरी याचा विटाळ नसतो. ये, बस."

घरी देवघरापासून चार दिवस लांब राहणाऱ्या आम्ही अगदी गप्प झालो!

गुरू नानकांनी (१४६९–१५३९) सुतक-विटाळ मानला नाही. जिच्या पोटी राजे जन्मतात तिला हीन का म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. तिसरे गुरू अमरदास यांनी पडदा आणि सती यांना विरोध केला. १७०५ साली मुक्तसरला लढलेल्या माई भागो पुढे गुरू गोविंदसिंहांबरोबर नांदेडला आल्या.

पण मैत्रिणींनो, हा विचार आपल्याला परका नाही बरं का! तेराव्या शतकातच आपल्या गोदाकाठी चक्रधरस्वामींनी सांगितलं होतं की, नाकातून शेंबूड येतो तसाच हाही देहाचा धर्म. त्याचा विटाळ कसला? त्यांच्या महानुभाव पंथात बायकांना संन्यास घेता आला. त्यांची शिष्या महदाइसा ही मराठीतली आद्य कवयित्री.

दोन्हीकडच्या वाटा मात्र वेगळ्या. शिखांनी संसारालाच धर्म मानलं; तिथे बाईला चूल सोडावी लागत नाही. महानुभाव बाईला मोकळीक मिळाली, ती घर सोडल्यावर.

आणि दोन्हीकडे काही उंबरठे उरलेच. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात बायकांना कीर्तनसेवा करू द्यावी, असा ठराव पंजाब विधानसभेला नोव्हेंबर २०१९ मध्ये करावा लागला. महानुभावांतही महंतांच्या गादीवर बहुतेक पुरुषच दिसतात. ग्रंथात लिहिलेलं गाभाऱ्यापर्यंत पोचायला शतकं लागतात.

पण आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला कुणाच्या ठरावाची वाट पाहायची? तिथे तर हुकूम आपलाच चालतो ना! लेकीला "शिवू नकोस" म्हणणाराही बहुधा आपलाच आवाज असतो.

परत आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "वन्सं येतील, काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू देत. तू दिवा लाव."

तिने लावला. हात जरा थरथरला, एवढंच.