पाच दिवसांची लढाई आणि मुलांचे दिवस

सेलू-जिंतूर भागातल्या वयस्कर माणसांना जन्मसाल विचारले, तर पुष्कळदा आकडा मिळत नाही. ‘रझाकारात मी रांगत होतो’, ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी मी पहिलीत’ असे उत्तर येते. कॅलेंडरपेक्षा भीती जास्त लक्षात राहिली, असा याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

1947 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढचे वर्षभर रझाकारांची दहशत राहिली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. (रणगाडे घेऊन गेलेल्या सैन्याच्या मोहिमेला ‘पोलीस ॲक्शन’ का म्हणायचे, असे चौकस विद्यार्थी विचारतातच. हा देशाच्या घरातला प्रश्न आहे, परराष्ट्राशी युद्ध नव्हे, हे जगाला दाखवायचे होते.)

पुस्तकात हे पाच दिवस येतात. मुलांच्या बाजूने पाहिले तर लढाई त्याच्या बरीच आधी सुरू होते आणि बरीच नंतर संपते. सैन्य येण्यापूर्वीच अनेक कुटुंबे मुलाबाळांसह हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली होती. शरणागतीनंतर मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संपूर्ण संस्थानातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल 2013 पर्यंत लोकांसमोर आला नव्हता. म्हणजे आधी एका मोहल्ल्यातली मुले पळाली, मग दुसऱ्या. मुलांचा यातल्या कुठल्याच बाजूशी संबंध नव्हता.

युद्धात मुले कशाने मरतात? गोळीने मरतातच, पण घर सुटल्यावर गोवर, जुलाब आणि उपासमार यांनी बहुधा त्याहून अधिक मरतात. लहान मुलाच्या शरीरात पाण्याचा साठा थोडा आणि पाण्याची उलाढाल मोठी, म्हणून जुलाब लागले की काही तासांत ते सुकते. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तोंडाने द्यायला सुरुवात केली. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना सोबत सोडियम घेतात, त्यामागोमाग पाणी जाते, आणि हे दार जुलाबातही उघडे राहते. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. आज शाळेत शिकवतो ती जलसंजीवनी – एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ – अशी युद्धाच्या छावणीत पारखून निघाली आहे.

मनाचे काय होते, हे मोजणे अवघड. धोका दिसला की शरीरात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. हृदय धडधडते, पळायला बळ येते. धोका टळला की ती ओसरतात. महिनोन्‌महिने धोका टळलाच नाही तर शरीर सदैव पळण्याच्या तयारीत राहते. अशा मुलाला झोप लागत नाही, फटाका वाजला तरी ते दचकते, मोठे असूनही अंथरूण ओले करते, वर्गात लक्ष लागत नाही. आपण त्याला ‘ढ’ किंवा ‘खोडकर’ म्हणून मोकळे होतो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी लहान मुलांसाठी पाळणाघरे चालवली. त्यांना दिसले ते अनपेक्षित होते: आईजवळ राहून बाँबवर्षाव सोसलेल्या मुलांपेक्षा, सुरक्षित ठिकाणी पण आईवेगळी पाठवलेली मुले अधिक कोलमडली. लहानग्याला बाँब कळत नाही. आईचा थरथरणारा किंवा न थरथरणारा हात कळतो.

आपल्याकडचे उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे, इराणमार्गे येऊन 1943 ते 1948 या काळात तिथे राहिले. त्यांनी लगेच शाळा सुरू केल्या, बालवीरांची पथके उभी केली, नाटके बसवली. यात करमणूक होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट होती: उद्या सकाळी घंटा होणार, हे मुलाला नक्की ठाऊक असणे. ज्याचा सगळाच दिवस बेभरवशाचा झाला आहे, त्याला वेळापत्रक हे औषध लागू पडते.

हैदराबाद संस्थानातल्या मुलांच्या वाट्याला असे काही आले का? छावणीतून परतलेल्या विद्यार्थ्यासमोर आणखी एक पेच होता. वरच्या वर्गांचे माध्यम तोवर उर्दू होते. 1948 नंतर ते मराठी झाले. आनंदाची गोष्ट खरी, पण उर्दूतून गणित शिकलेल्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, पुन्हा नव्याने शब्द शिकावे लागले.

1948 साली शाळेत असलेली मुले आज 83 च्या पुढे आहेत. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवता येईल. कोण जिंकले, हे विचारायला सांगू नये. घर सोडताना कोणाचा हात धरला होता, रात्री कुठे झोपलात, काय खाल्ले, शाळा किती दिवस बुडाली, परत आल्यावर शेजारी कोण उरले होते – एवढेच पुरे. आणि वही गावातल्या सर्व मोहल्ल्यांत गेली पाहिजे.