जाळं कापण्याआधीची मिनिटं

सिंधुदुर्गात धामापूरजवळून वाहणारी कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते. तिथल्या उथळ पाण्यात हम्पबॅक डॉल्फिन मासे शोधतात आणि गिलनेट, म्हणजे माशांना कल्ल्यांपाशी अडकवणारी जाळी, हीही किनाऱ्यालगतच लागतात. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखतात, पण नायलॉनच्या बारीक धाग्यावरून तो क्षीण येतो, म्हणून जाळं वेळेत कळत नाही. अडकलेल्या डॉल्फिनला श्वासासाठी वर येता येत नाही आणि तो काही मिनिटांत गुदमरतो. डॉल्फिन जाळी फाडतात, ही मच्छीमारांची तक्रार खरी आहे. ती झटकून टाकणं अन्यायाचं. डॉल्फिनसारखा संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर २०१८ पासून राज्य सरकार कमाल २५,००० रुपये भरपाई देतं, मग अडचण काय, असं कुणी म्हणेल. योजना मोलाचीच आहे, पण जाळं ओढेपर्यंत डॉल्फिन बहुधा मेलेला असतो. मादीला काही वर्षांनी एकच पिल्लू होतं, त्यामुळे ही हानी लवकर भरून येत नाही. म्हणून जाळं पाण्यात किती वेळ, कुठे राहतं, हे मच्छीमारांसोबत बसूनच ठरवायला हवं.