आर्टरी चिमटा (गळाची मासेमारी)

आर्टरी चिमटा हे मूळचे शस्त्रक्रियेचे हत्यार असून गळाने मासेमारी करणारे, विशेषतः फ्लाय फिशिंग करणारे हौशी मासेमार माशाच्या तोंडातील गळ सोडविण्यासाठी त्याचा उपयोग करतात. रुग्णालयांत त्यास ‘आर्टरी फोर्सेप’ किंवा नुसते ‘आर्टरी’ म्हणतात. कात्रीसारख्या दोन कड्या, लांब दांडे, मध्ये सांधा, पुढे आडव्या खाचांचे निमुळते जबडे आणि कड्यांजवळ दातेरी कुलूप अशी त्याची रचना असते. कुलूप एकदा बसले की हात सोडला तरी जबडे मिटलेलेच राहतात. हाच या हत्याराचा मुख्य गुण होय.

बाजारात हा चिमटा शंभर-दोनशे रुपयांपासून त्याच्या कित्येक पट किमतीपर्यंत मिळतो. दिसण्यात दोहोंत फारसा फरक नसतो. फरक असतो तो पोलादात, सांध्यात आणि जबड्यांच्या जुळणीत, आणि तो बहुधा पहिल्याच मोसमात उघड होतो.

उगम

तुटलेली रक्तवाहिनी दाबून धरून रक्तस्राव थांबविणे हे या चिमट्याचे मूळ काम. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शल्यचिकित्सक ज्यूल-एमिल पेआँ आणि इंग्लंडमधील टॉमस स्पेन्सर वेल्स यांच्या नावाने असे चिमटे प्रचारात आले. पुढे अमेरिकेतील हाल्स्टेड व केली आणि स्वित्झर्लंडचे कोखर (१९०९ चे नोबेल पारितोषिक विजेते) यांच्या नावांचे प्रकार रूढ झाले. मासेमारीत यांपैकी दोनच प्रकार नित्य दिसतात. सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या, बारीक टोकाच्या प्रकारास ‘मॉस्किटो’ म्हणतात. त्याहून किंचित लांब व जाड जबड्याचा तो ‘केली’. कोखर प्रकाराच्या टोकास दात असतात व ते दोऱ्यास इजा करतात, म्हणून तो या कामास घेऊ नये.

आज शस्त्रक्रियेच्या हत्यारांची दोन नामांकित केंद्रे म्हणजे जर्मनीतील टुटलिंगेन आणि पाकिस्तानातील सियालकोट. चिमट्यावर ‘जर्मन स्टेनलेस’ असे कोरलेले असले म्हणजे तो जर्मनीत घडविला असे होत नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ केवळ पोलादाच्या प्रकारापुरता असतो.

मासेमारीतील उपयोग

फ्लाय फिशिंगमध्ये पिसे, केस व दोरा गळावर गुंडाळून कृत्रिम कीटक किंवा छोटा मासा तयार करतात. हे गळ पुष्कळदा इतके लहान असतात की ओल्या, बुळबुळीत हातांनी ते धरताच येत नाहीत. चिमट्याने गळाचा बाक धरून, तो ज्या दिशेने आत गेला त्याच्या उलट दिशेने मागे सारला की मासा पाण्याबाहेर न काढताही सुटतो. मासा परत सोडावयाचा असेल तेव्हा याचे महत्त्व फार आहे. हवेत घालविलेला प्रत्येक क्षण आणि कोरड्या हाताचा प्रत्येक स्पर्श माशाची जगण्याची शक्यता घटवितो. खडशी अथवा दख्खनी महसीर या माशाचे शास्त्रीय वर्णन सायक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतील नमुन्यांवरून केले. हा मासा धरून सोडून देण्याची पद्धत हौशी मासेमारांत आता रूढ आहे, आणि अशा वेळी निसटणारे जबडे म्हणजे माशाचे हाल. गळ घशाखाली गिळला गेला असल्यास मात्र कोणत्याही चिमट्याने ओढाताण न करता दोरा तोंडाजवळ कापून मासा सोडणे इष्ट.

गळाचा उलटा काटा चपटा करणे हा दुसरा उपयोग. लहान गळांस तो शोभतो. समुद्री माशांच्या जाड गळाचा काटा या चिमट्याने दाबू पाहणे ही उत्तम चिमटे निकामी होण्याची सर्वांत सामान्य रीत आहे. जबडे पसरतात आणि टोके पुन्हा जुळत नाहीत. रक्तवाहिनी दाबण्यासाठी केलेल्या हत्याराकडून लोखंड दाबण्याची अपेक्षा चुकीची, मग त्याची किंमत काहीही असो. तेथे साधी लांब चोचीची पकड हवी.

पोलाद आणि खारे पाणी

चांगला चिमटा ज्या पोलादाचा असतो त्यास ४२० (क्वचित ४१०) क्रमांकाचे स्टेनलेस पोलाद म्हणतात. त्यात सुमारे १२ ते १४ टक्के क्रोमियम असते आणि त्यास पाणी देऊन कठीण करता येते, म्हणून जबडे व दांडे लवचिक पण ताठ राहतात. स्वयंपाकघरातील भांड्यांचे ३०४ क्रमांकाचे पोलाद १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल यांमुळे गंजास अधिक दाद देत नाही. परंतु त्यास पाणी देऊन कठीण करता येत नाही आणि त्याचा चिमटा लवकर वाकतो. तात्पर्य, धार व ताठपणा हवा असेल तर गंजरोधकता थोडी सोडावी लागते. ही तडजोड महागड्या चिमट्यासही चुकत नाही.

यावरून एक रूढ समजूत तपासण्याजोगी ठरते. ‘चुंबक चिकटला तर ते खरे स्टेनलेस नव्हे’ असे दुकानांत सर्रास सांगितले जाते. भांड्यांच्या बाबतीत त्यास काही आधार आहे. चिमट्याच्या बाबतीत मात्र ती कसोटी उलटी पडते. ४२० क्रमांकाचे पोलाद चुंबकास चिकटतेच. जो चिमटा मुळीच चिकटत नाही तो बहुधा मऊ पोलादाचा असतो. अर्थात नुसते चिकटणे हाही पुरावा नव्हे, कारण साध्या लोखंडावर निकेल अथवा क्रोमियमचा मुलामा दिलेला अगदी स्वस्त चिमटाही चिकटतो. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्ड येथे स्टेनलेस पोलाद तयार करण्यापूर्वी मुलाम्याची हत्यारे शल्यचिकित्सकही वापरीत. त्यांचा दोष असा की सांध्यात घर्षणाने मुलामा उडतो आणि तेथून आत गंज शिरतो. बाहेरून चिमटा चकचकीतच दिसतो.

रक्तात मिठाचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के असते, समुद्राच्या पाण्यात एकंदर क्षार सुमारे ३.५ टक्के. शस्त्रक्रियेनंतर चिमटा लगेच धुऊन, वाळवून, निर्जंतुक करण्यास जातो. मासेमाराच्या खिशात तो खारट ओलाव्यासह दिवसभर पडून असतो. क्लोराइड पोलादावरील क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर जागोजागी भेदते व टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. सांध्याच्या फटीत प्राणवायू पोचत नसल्याने तो थर पुन्हा भरून येत नाही. म्हणूनच बहुतेक चिमटे जबड्यात नव्हे, सांध्यात मरतात. उत्तम चिमट्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला व आम्लप्रक्रियेने सुटे लोहकण काढलेला असतो, त्यामुळे तो अधिक टिकतो. पण न धुता ठेवल्यास तोही टिकत नाही.

मसुरे व कालावल खाडी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव गड नदीच्या खालच्या अंगास, भरतगडाच्या पायथ्याशी आहे. पैलतीरावर भगवंतगड. येथून नदी कालावल खाडीच्या रूपाने तळाशीलजवळ समुद्रास मिळते. गळाने मासे धरण्यास मालवणीत ‘गरवणे’ म्हणतात आणि गळास ‘गरी’. तांबोशी, चोणक, काळुंदर, शेंगटी हे खाडीतील परिचित मासे. येथे गरवलेला मासा बहुधा कालवणासाठीच असतो, त्यामुळे चिमट्याचे प्रयोजन माशाचा जीव वाचविणे एवढेच राहत नाही. गळ आणि बोटे वाचविणे हेही असते. शेंगटीच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील काटे विषारी असून ओल्या हाताने तिच्या तोंडातील गळ काढू जाणे धोक्याचे आहे. तांबोशीचे सुळे आणि चोणकाच्या कल्ल्याची धारदार कड हीही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. या सर्व माशांसाठी आखूड ‘मॉस्किटो’ अपुरा पडतो; हात तोंडापासून दूर राहील असा किमान अठरा-वीस सेंटिमीटरचा चिमटा किंवा लांब पकड लागते. काळुंदरासारख्या लहान तोंडाच्या माशाला मात्र बारीक चिमट्यासारखे साधन नाही.

पावसाळ्यात नदीचे पाणी उतरून खाडी बरीचशी गोडी होते व उन्हाळ्यात भरतीबरोबर खारेपण आत सरकते. एकच चिमटा पावसाळाभर स्वच्छ राहून वैशाखात पंधरा दिवसांत जखडला, तर दोष दरवेळी दुकानदाराचा नसतो. वारंवार पाण्यात पडून हरवणारे हत्यार महाग घ्यावे काय, हाही प्रश्न रास्त आहे. होडीच्या कडेवरून काम करणाऱ्याने मध्यम प्रतीचा चिमटा दोरीने बांधून वापरणे अधिक शहाणपणाचे. लहान गळांनी, मासे सोडून देण्यासाठी मासेमारी करणाऱ्यास चांगल्या प्रतीचा खर्च परवडतो.

पारख

सांधा प्रथम पाहावा. चांगल्या चिमट्यात एक दांडा दुसऱ्याच्या पोटातून आरपार गेलेला असतो (पेटी-सांधा). स्वस्तात दोन दांडे एकमेकांवर ठेवून मध्ये खिळा अथवा स्क्रू मारलेला असतो. दोन्ही कड्या धरून आडव्या हलविल्या असता जबडे डगमगू नयेत. चिमटा उजेडासमोर हळूहळू मिटावा: कुलपाच्या पहिल्या दात्यावर फक्त टोके टेकली पाहिजेत, शेवटच्या दात्यावर जबडे पूर्ण लांबीभर. आधी मागचा भाग टेकून टोकाशी फट राहत असेल, तर बारीक गळ त्यात कधीच ठरणार नाही. नंतर पहिल्या दात्यावर कुलूप लावून, सांध्याशी धरून, कड्यांची बाजू तळहातावर आपटावी. उघडल्यास कुलूप कुचकामी. शेवटी बारीक नायलॉन दोरा जबड्यात धरून ओढावा. तो सुटू नये आणि त्यावर ओरखडाही पडू नये.

सोनेरी कड्यांना भुलू नये. शस्त्रक्रियेच्या हत्यारांत त्या जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या असल्याची खूण मानल्या जातात; स्वस्त मालात निव्वळ सोनेरी रंग असतो. पट्टी असेल तर जबड्याच्या आतील बाजूस वेगळ्या धातूची कड दिसते.

वापरून टाकून दिलेली रुग्णालयीन हत्यारे भंगारातून घेणे टाळावे. त्यांत रक्तजन्य संसर्गाचा संभव असतो, शिवाय ती बहुधा जबडे न जुळल्यामुळेच टाकलेली असतात.

निगा

खाडीवरून परतल्यावर चिमटा उघडा ठेवून गोड्या पाण्यात बुडवावा, सांध्यात जुन्या दात-ब्रशाने घासावे, पूर्ण वाळवून यंत्रतेलाचा एक थेंब सांध्यात सोडावा. मिटून, कुलूप लावून कधीही ठेवू नये. दांड्यांवर सतत ताण राहून त्यांची स्प्रिंग जाते. खोबरेल तेल घरोघरी असते म्हणून पुष्कळजण तेच लावतात, परंतु ते थंडीत थिजते व जुने झाल्यावर चिकट होऊन वाळू धरते. जखडलेला सांधा हातोडीने ठोकू नये. तेलात रात्रभर ठेवून हलक्या हाताने उघडझाप केल्यास बहुधा सुटतो.