वीरगळ : वेशीवरचे रणस्मारक

महाराष्ट्रातल्या जुन्या गावाच्या वेशीपाशी, मारुतीच्या पाराजवळ किंवा शिवमंदिराच्या आवारात कोरीव दगडांची रांग पुष्कळदा दिसते. तेलाने काळवंडलेले, शेंदराने माखलेले, निम्मे मातीत रुतलेले हे दगड म्हणजे वीरगळ. लढताना मरण आलेल्या माणसाची स्मारके. ‘कल्’ म्हणजे दगड. कन्नडमधल्या ‘वीरगल्लु’चा मराठीत वीरगळ झाला. गुजरातेत अशाच दगडांना पाळिया म्हणतात, तर तमिळ प्रदेशात नडुकल. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार आणि यादव राजवटींच्या काळातले आहेत.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. उभी शिळा आडव्या पट्ट्यांनी तीन-चार चौकटींत विभागलेली असते. तळाच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडलेला असतो, किंवा तिथूनच लढाईला तोंड लागलेले दिसते. त्यावरच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन, धनुष्य ताणून किंवा घोड्यावरून तो शत्रूशी भिडलेला असतो. त्याहून वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गाला नेतात. सर्वांत वरच्या चौकटीत मधोमध शिवलिंग, एका बाजूला पूजा करणारा पुजारी आणि दुसऱ्या बाजूला हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन अंगांना चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ. एकच माणूस एका शिळेवर तीन-चारदा येतो आणि प्रत्येक वेळी त्याची अवस्था पालटलेली असते. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही ही गोष्ट एका नजरेत कळावी, इतकी ही मांडणी पक्की बसलेली आहे.

वीर राजाच्या सैन्यातलाच असे, असे मात्र नाही. कित्येक वीरगळांच्या तळाशी गाईंची ओळ कोरलेली दिसते. गावचे गोधन पळवून नेणाऱ्या टोळीशी झुंजताना हा माणूस मेला, हे त्या गाई सांगतात. गुरे हीच जिथे गावाची दौलत, तिथे त्यांच्यापायी प्राण देणारा गुराखी राजाच्या सरदाराइतक्याच मानाने दगडावर आला. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेल्या, १९८२ साली धारवाडहून निघालेल्या स्मारकशिलांवरील ग्रंथात या परंपरेचा देशभराचा पसारा मांडलेला आहे.

वीरगळाच्या शेजारी कधी दुसरी एक शिळा असते. तिच्यावर कोपरात वाकवून वर उचललेला एकच हात, मनगटात बांगड्यांचा चुडा. ही सतीशिळा. वीराची आख्खी झुंज तपशिलाने कोरली गेली. त्याच्यामागे चितेवर गेलेल्या बाईचा मात्र चेहराही कोरलेला नाही, फक्त भरला हात. या दोन दगडांकडे एकत्र पाहिल्याशिवाय त्या काळच्या युद्धाचा हिशेब पुरा होत नाही.

या परंपरेतला सर्वांत भव्य नमुना मुंबईत आहे. बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या सहा वीरगळांचे सविस्तर वर्णन १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आले आहे. त्या वेळी ते आमराईत, तळ्याच्या पश्चिम काठावर ओळीने उभे होते. त्यांपैकी चारांची उंची सुमारे दहा फूट, रुंदी तीन फूट. सहांपैकी दोहोंवर जमिनीवरची लढाई आहे आणि चारांवर समुद्रातली. सागरी लढाई कोरलेले वीरगळ फार दुर्मिळ असल्याने नौकानयनाच्या अभ्यासकांनाही एकसर परके नाही. एका शिळेवर तब्बल आठ पट्टे असून तळाच्या पट्ट्यात अकरा जहाजांचा ताफा आहे. गलबतांना डोलकाठ्या आहेत, कडेने वल्ह्यांची रांग आहे आणि लढाईत माणसे पाण्यात पडताना दिसतात. वल्ही किती आणि डोलकाठी कुठे, हे पाथरवटाने ज्या नेमकेपणाने दाखवले आहे, त्यावरून गलबते त्याच्या रोजच्या पाहण्यातली असावीत असे वाटते. सर्वांत वर पुन्हा तोच स्वर्ग. मरण पाण्यातले असले तरी मांडणी मोडलेली नाही.

ही लढाई कोणती? गॅझेटियरने हे दगड अकराव्या-बाराव्या शतकातले मानले. पुढे अनेक अभ्यासकांनी त्यांचा संबंध १२६५च्या सुमाराच्या युद्धाशी जोडला. देवगिरीचा यादव राजा महादेव याने उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा समुद्रात पाठलाग केला आणि सोमेश्वर बुडून मेला. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथात या बुडण्याचा उल्लेख केला आहे. तर्क सयुक्तिक आहे. मात्र खुद्द दगडावर नाव नसल्याने तो तर्कच राहतो.

अडचण सगळीकडे हीच आहे. कर्नाटकातल्या असंख्य वीरगळांवर राजाचे, गावाचे, मेलेल्याचे नाव आणि तिथी कोरलेली सापडते. महाराष्ट्रात लेख असलेला वीरगळ विरळाच. त्यामुळे शस्त्रे, वेश, केशरचना आणि शेजारच्या देवळाची बांधणी यांवरून काळ अदमासावा लागतो. नाव हरवले तरी गावाने दगड सोडला नाही; त्याचा देव केला. दसऱ्याला त्याला हार पडतो, लग्नाआधी नारळ फुटतो. याच मायेपोटी काही ठिकाणी ऑईलपेंटचे थर चढून कोरीवकाम बुजले आहे, तर माया आटली तिथे वीरगळ पायरीला, बांधाला किंवा धुण्याच्या दगडाला लागला आहे. रंगाखालचा दगड निदान जाग्यावर तरी राहतो.

पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत वेगळ्याच घडणीचे स्मारक आले : संगमरवराची छोटी पाटी. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर आणि ‘१९१४-१९१९’ ही साले. ना चित्र, ना नाव. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे त्या युद्धात ४६ जवान पडले. ‘अपशिंगे मिलिटरी’ हे नाव गाव आजही मिरवते. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी याच युद्धात तुर्कांनी इराकमधल्या कुतला घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. १९१६च्या २९ एप्रिलला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली.

इराकमध्ये मेलेल्यांसाठी एडवर्ड वॉरन या वास्तुविशारदाने आखलेले स्मारक बसऱ्याला १९२९ साली खुले झाले. त्यावर ब्रिटिशांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचे नाव आणि त्यापुढे मेलेल्यांचा आकडा. गावातल्या पाटीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. वीरगळावर नाव नसले तरी त्या माणसाच्या हातात तलवार होती की धनुष्य, तो घोड्यावर होता की गलबतात, आणि गाई सोडवताना पडला का, एवढे तरी आज आठशे वर्षांनी सांगता येते.