दहा बाय दहाचं छत आणि डेन्व्हरचा वारा

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९९१ पासून उन्हाळ्यात, ४ जुलैच्या सुट्टीच्या सुमारास, चेरी क्रीक कला महोत्सव भरतो. रस्ते वाहनांना बंद होतात आणि डांबरावर पांढऱ्या तंबूंच्या रांगा उभ्या राहतात. अशा उघड्यावरच्या कलाजत्रांमध्ये एका कलाकाराच्या वाट्याला बहुधा १० बाय १० फूट जागा येते. तेवढ्यात त्याची वर्षभराची चित्रं, काचकाम किंवा मातीची भांडी मांडायची. वर कापडी छत, तीन बाजूंना कनाती, चार पाय. खुंट्या मात्र नाहीत, कारण डांबरी रस्त्यात त्या ठोकायच्या कुठे?

तंबू विकत घेताना बहुतेकांची नजर आधी पायांच्या जाडीवर जाते. ती आधी आभाळाकडे जायला हवी, आणि डेन्व्हरचं आभाळ त्यासाठी फार चांगला गुरू आहे. जुलैच्या दुपारी रॉकी पर्वतावर ढग उभे राहतात आणि शहराकडे सरकतात. त्यांच्यातून पाऊस पडू लागतो, पण ढगाखालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच विरून जातात. बाष्प होताना ते भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतात. थंड झालेली हवा जड होते, कोसळते, जमिनीवर आदळते आणि चहूबाजूंना पसरते. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर एक थेंबही पडलेला नसतो, आणि अचानक वादळी झोत येऊन थडकतो. न पडलेल्या पावसाने केलेली ही करामत! मूळचे जपानचे आणि शिकागो विद्यापीठात काम करणारे टेड फुजिता यांनी अशा कोसळत्या झोतांचा माग काढला. विमान अपघातांचं कोडं सोडवताना १९७५ नंतर त्यांनी ही कल्पना मांडली, आणि १९८२ मध्ये डेन्व्हरच्याच तेव्हाच्या विमानतळाभोवती रडार लावून या ‘मायक्रोबर्स्ट’चा मोठा अभ्यास झाला.

आता हा झोत तंबूवर किती जोर लावतो ते पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचावर असल्याने तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण १५ टक्के विरळ असते. त्यामुळे तेवढ्याच वेगाचा वारा तिथे थोडा कमी जोराने ढकलतो. एवढी सवलत धरूनही, ३ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच कनातीवर ताशी ४० किलोमीटरचा वारा ढोबळमानाने ४२ किलो वजनाइतका रेटा देतो. ताशी ८० किलोमीटरला तोच रेटा १६५ किलोच्या पुढे जातो. हवा, जी आपल्याला दिसतसुद्धा नाही!

त्याहून वाईट म्हणजे छताची उचल. दुकान म्हटलं की समोरची बाजू उघडी हवीच. वारा नेमका त्या तोंडातून शिरला, तर आत कोंडलेली हवा छताला खालून वर ढकलते आणि छतावरून जाणारा वारा त्याला वरून ओढतो. छताचं क्षेत्रफळ सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास. ताशी ६० किलोमीटरच्या झोतात ही उचल सहज १३५ किलोच्या पुढे जाऊ शकते. पंचवीस किलोचा सांगाडा तिच्यापुढे काय टिकणार? म्हणून वजनं.

अनुभवी कलाकार ४ इंची पीव्हीसी पाइप कापतात, त्याला बूच लावतात, वर कडी बसवतात आणि आत काँक्रीट ओततात. तीन फूट लांबीच्या अशा पाइपात सुमारे साडेसात लिटर काँक्रीट मावतं आणि त्याचं वजन होतं जवळजवळ १८ किलो. त्याच पाइपात पाणी भरलं तर साडेसात किलोच. चार पायांना चार पाइप म्हणजे ७२ किलो, आणि सांगाडा धरून ९७. वरची १३५ किलोची उचल आठवा. हिशेब अजूनही जुळत नाही! म्हणूनच एका पायाला दोन-दोन पाइप लावणारी माणसं मला अतिसावध वाटत नाहीत. वादळाची सूचना आली की समोरही कनात ओढून चेन बंद करतात, कारण झोताला आत शिरायला तोंडच उरलं नाही की खालचा रेटा बराच कमी होतो.

वजन बांधायचं कुठे, यातही गंमत आहे. पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात. वजन पायाच्या तळाशी बांधलं आणि वरच्या नळीचं बटण सुटलं, तर खालची नळी इमानाने जमिनीवर उभी राहते आणि छत निघून जातं. म्हणून दोरी वरच्या कोपऱ्यातून, सांगाड्याच्या सांध्याला बांधून सोडायची आणि पाइप पायाला लागून खाली उभा ठेवायचा. तो खालीही पायाला बांधायचा, नाहीतर झुलता पाइप शेजारच्या काचकामावर आदळेल.

आता सांगाडा. झटकन उघडणाऱ्या पॉप-अप तंबूच्या कैचीदार पट्ट्या पाहताना मला अजून नवल वाटतं. दोन माणसांनी कोपरे ओढले की छत्रीसारखा सगळा डोलारा एकदम फुलतो. पण जो सांगाडा प्रत्येक सांध्यात वळतो, तो वाऱ्यातही वळायला तयार असतो. चौकोनाच्या चार बाजू पक्क्या असल्या तरी तो तिरका होऊ शकतो. त्रिकोण बाजू वाकल्या-तुटल्याशिवाय आकार बदलत नाही. म्हणून पायांमध्ये आडव्या किंवा तिरप्या पट्ट्या बसवता येतात का, हे आधी विचारायचं. ‘लाइट डोम’ किंवा ‘ट्रिमलाइन’सारखे नळ्या जोडून उभारायचे तंबू लावायला जास्त वेळ घेतात, पण वर्षातून अनेक जत्रा करणाऱ्याने तो वेळ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

छताचं कापड सपाट असेल तर त्याला झोळ पडतो. झोळात पाणी साचतं, पाण्याच्या वजनाने झोळ वाढतो, आणि मग आणखी पाणी साचतं. एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो! म्हणून छताला बाक हवा आणि कापडाला ताण हवा. हाच नियम डेन्व्हरच्या विमानतळावर भव्य रूपात पाहायला मिळतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या त्या विमानतळाच्या मुख्य इमारतीवर टेफ्लॉन चढवलेल्या काचतंतूच्या कापडाची पांढरी शिखरं आहेत. दोन दिशांनी उलटसुलट बाक दिल्यामुळे ताणलेलं ते कापड बर्फाचा भारही झेलतं आणि वाऱ्याची उचलही.

रंग पांढराच घ्यावा. निळ्या छतातून गाळून आलेल्या उजेडात पिवळं चित्र हिरवट दिसू लागतं, आणि गिऱ्हाईक घरी नेऊन पाहतं तेव्हा ते वेगळंच निघतं. कापड आग न पसरू देणारं असल्याचा दाखला अनेक आयोजक मागतात. तो शिवलेल्या पट्टीवर आहे ना, हे दुकानातच पाहायचं.

आणि पैसे कमी पडत असतील, तर आधी वजनं करून घ्यावीत, मग सांगाडा निवडावा, आणि उरलेल्या पैशात कापड.